खंडेनवमीचं तेल

मी चेलो बोलतोय. नाव ऐकलं नसेल तर लाजू नका. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या या घरात सात वर्षं राहतोय, तरी अर्धी गल्ली अजून मला 'ते मोठं व्हायोलिन' म्हणते. एसटीत एका कंडक्टरनं तर विचारलं होतं, "पावणं, आत माणूस बसवलाय काय?" राग येतो मला. माणसाएवढा आहे, म्हणून मान माणसाचा द्यावा ना.

माझा जन्म कुठला, ते मलाही नीट ठाऊक नाही. पोटात चिकटवलेली चिठ्ठी केव्हाच पुसट झाली. आठवतं तेव्हापासून मी सोमशेखर सरांचा. मुंबईत सिनेमाच्या गाण्यांना आम्ही दोघं वाजवायचो. पुढं आमचं काम विजेवरच्या एका पेटीतून निघायला लागलं, तसे सर मला घेऊन कोल्हापूरला परतले आणि मी कपाटामागं पडलो. धुळीनं जीव नकोसा झाला होता.

एके दिवशी तेरा वर्षांची एक पोरगी सरांचा शिवलेला झब्बा द्यायला आली. सर त्या दिवशी मला पुसून वाजवत बसले होते. पोरगी दारातच थबकली. झब्बा हातात तसाच.

"आत ये की," सर म्हणाले.

ती निशिगंधा. आई वर्षाराणी घरीच ब्लाऊज शिवायची, वडील कृष्णात उचगावात लेथवर काम करायचे. त्या घरात सुरांचं कुणाला काही कळत नव्हतं. पण वर्षभर तिला शिकवता शिकवता सरांची बोटं आखडली आणि त्यांनी मला निशिगंधाच्या हवाली केलं, तेव्हा कृष्णातनं पहिल्याच आठवड्यात माझी खालची गंजकी सळई काढून लेथवर नवी कातून आणली. आजही मी तिच्यावरच उभा आहे.

वर्षाराणीचं प्रेम निराळं. पोर वाजवायला बसली की ती शिलाई मशीन बंद करायची आणि ब्लाऊजांची टोपली घेऊन माझ्याशेजारी हुक-बटणं लावत बसायची. पोर चुकली की तिची सुई थांबायची. कळत नव्हतं म्हणे तिला. मला विचारा.

निशिगंधा वीस वर्षांची झाली. मुंबईच्या एका संस्थेत तरुण वादकांची निवड होती. निवडलं तर तीन वर्षं परदेशी शिक्षण, आणि तारीख दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची. पोरीनं वर्षभर दुसरं काही मनात आणलं नाही.

आता खंडेनवमीचं ऐका. त्या दिवशी या घरात हत्यारांची पूजा होते. कृष्णातचे पाने, कात्र्या, शिलाई मशीन, सगळं पुसून, तेल देऊन पाटावर मांडायचं. एकदा पूजा झाली की दसऱ्याची आरती होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. निशिगंधा सरांच्या पाया पडायला गेली होती. वर्षाराणीनं माझा गज हातात घेतला. त्याचे केस घोड्याच्या शेपटीचे. त्यांना राळेचा खडा घासतात, म्हणून ते तारेला धरतात आणि मी बोलतो. त्या राळेची पांढरी भुकटी रोज माझ्या अंगावर पडायची.

"कोरडा ठाक पडलाय बिचारा," वर्षाराणी म्हणाली. "परवा पोरीची परीक्षा, आणि ह्यो असा रखरखतोय."

तिनं भुकटी स्वच्छ पुसली. मग मशीनच्या तेलाची कुपी घेऊन केसांना तेल लावलं. वरपासून खालपर्यंत, लेकीची वेणी घालावी तसं. उरलेलं माझ्या तारांना. मग हळदकुंकू, झेंडूचं फूल. मी आतून आक्रोश करत होतो, पण गजाशिवाय मला आवाज कुठला?

रिवाजापायी पोरीनं मला हात लावला नाही. आरती झाली आणि आम्ही थेट गाडीत. मुंबईत खोळ उघडून तिनं गज तारेवर ठेवला, तर तो सरकन घसरला. तिनं बोट लावून वास घेतला आणि खालीच बसली. एका पोरानं स्वतःचा गज दिला, पण पुसलं तरी तारांनाही तेल होतंच की. परीक्षकांसमोर मी नुसता फुसफुसलो. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

"काय झालं गं?" घरी आईनं विचारलं.

"बाकीची पोरं भारी होती, आई."

वर्षभर ती एवढंच सांगत राहिली. सरांनी तारा नव्या घातल्या, गजाला केस बसवून आणले. यंदा पुन्हा निवड लागली. वयाच्या अटीनं ही शेवटची. आणि तिच्या आठ दिवस आधी खंडेनवमी आली. वर्षाराणी तेलाची कुपी घेऊन माझ्याकडं आली.

"आई, तेल नको!" पोर किंचाळलीच.

कुपी हातात तशीच राहिली. "का गं?"

"असंच."

"गेल्या साली म्या लावलं हुतं." वर्षाराणीनं लेकीकडं बघितलं. "त्येच्यामुळं झालं व्हय?"

"न्हाय गं. तसं काय न्हाय."

"मग वरडलीस का?"

वर्षाराणी खाली बसली. तिनं हळदकुंकू वाहिलं, पण माझ्यावर नाही. माझ्यासमोर फरशीवर, हातभर लांब.

तेव्हापासून पोर वाजवायला बसली की ती उठून स्वयंपाकघरात जाते. आणि पोरीचा हात बिघडलाय. एकाच जागी अडखळते, पुन्हा सुरू करते, पुन्हा तिथंच. निवड उद्यावर आली.

आज सकाळी ती गज हातात घेऊनच मधेच उठली. ब्लाऊजांची टोपली उचलून माझ्याशेजारी जुन्या जागी आणून ठेवली आणि हाक मारली, "आई, बटणं लावायची न्हाईत का?"

वर्षाराणी दारापर्यंत आली. पदराला हात पुसले, पुन्हा पुसले.

"किती लांब बसू?" तिनं विचारलं.

बाई, अगं जवळ बस. तुझा पदर माझ्या लाकडाला लागू दे. तेलाचा वास माझ्या अंगातून कधीच गेला. तुझ्या सुईवाचून मात्र मला करमत नाही. हे सगळं मला तिला सांगायचं होतं. पण मला बोलायला गज लागतो, गज लेकीच्या हातात होता, आणि लेक रडत होती.