भैय्यालालच्या हॉटेलातली पाटी

बालमजुरीचा नवा कायदा आला त्या वर्षी सडक अर्जुनीच्या बसस्टँडवर भैय्यालालने आपल्या चहाच्या हॉटेलात पाटी लावली: 'येथे बालकामगार काम करत नाहीत.' खिळा ठोकायला स्टुलावर चढली रिंकी. अकरा वर्षांची पोर, शाळा सोडून दिवसभर तिथेच गिलास विसळायची.

आम्ही समोरच्या भाजीवाल्या आणि येणारे-जाणारे ट्रकवाले त्या पाटीखालीच चहा प्यायचो. डोळे सगळ्यांना होते, पण चहा फक्कड होता ना!

आमच्यातल्या पार्वताबाईला वाचता येत नाही. एकदा तिने विचारलं, "रिंके, काय लिवलं हाये वं?"

रिंकीने पाटी न अडखळता वाचून दाखवली. पार्वताबाईने चहा मातीत ओतला आणि गिलास पालथा घातला. मग मी घातला, मग खुशाल नावाच्या ट्रक ड्रायव्हरने.

रिंकीचा चेहरा उतरला. ती बौद्ध मोहल्ल्यातली. "माया हातचा चालत नाही का, आजी?"

पोरीला असा प्रश्न पडावा, याची मला भयंकर चीड आली. पार्वताबाईने तिच्याच हातून पाणी मागून घेतलं आणि घटाघटा पिऊन टाकलं. "तुया हातचं पाणी गोड लागते मले. पण तू शाळा सोडून धुतलेला गिलास नाही पायजे."

भैय्यालाल गल्ल्यावरून उठला. "बाप खाटेवर हाये तिचा. इसका घर कौन चलाएगा, तुम?"

"तिची माय धडधाकट हाये. कुंताले ठेव," पार्वताबाई म्हणाली.

"मोठ्या बाईचा हात या गिलासात जात नाही."

"मंग मोठे गिलास आण. चहा बी जास्त येईन."

सगळे हसले, भैय्यालाल मात्र हटला नाही. त्याने रिंकीला ठेवलं, आम्ही बाकडी रिकामी ठेवली. ट्रकवाले पुढच्या ढाब्यावर थांबू लागले. धंदा बसला तशी त्याने रिंकीची रोजची मजुरी बंद केली. कुंता आमच्याकडे तणतणत आली, "माया चुलीचं काय?" चुकीचं नव्हतं तिचं. त्या दिवसापासून आमच्या टोपल्यांतली भाजी आणि घरचे तांदूळ आधी तिच्याकडे जायचे, मग आमच्या घरी.

शेवटी मोठे गिलास आले आणि कुंता कामावर आली.

त्या सकाळी रिंकी शाळेचं दप्तर घेऊन हॉटेलात शिरली, स्टुलावर चढली आणि पाटी उपटून काढली.

"काऊन काढून राहिली?" भैय्यालाल ओरडला.

तिने पाटी त्याच्या हातात दिली. "मी शाळेत गेल्यावर लावजा, सेठ. तवा खरी होईन."