लाकडी घोड्याचा घाम

मंगळवार, ९ मे २०१७. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. आमच्या शिवणकारखान्याच्या दारात घोड्यांच्या अंगावर घालायच्या सोळा झुली पडलेल्या होत्या. त्या मी स्वतः मोजल्या, कारण मोजल्याशिवाय कोणतीही वस्तू मी ताब्यात घेत नाही. सोळाच्या सोळा ओल्या होत्या आणि त्यांना घामाचा आंबूस वास येत होता.

त्या आणून टाकणारा तबेल्याचा मुख्य मोतद्दार कमरेवर हात ठेवून समोरच उभा होता.

"घ्या तुमचे रेनकोट," तो म्हणाला.

"ह्या उन्हाळी झुली आहेत. ऊन आणि माशा यांपासून संरक्षण, असे तुम्हीच मागणीपत्रात लिहिले होते."

"मास्तर, ऊन लागलं नाही, माशी बसली नाही. पण आत जनावरं शिजून निघाली त्याचं काय? करड्या घोडीचा खांदा फोडांनी भरलाय. आठ दिवसांत धड कापड दाखवा, नाहीतर तबेला दुसरा शिंपी बघेल."

तो गेला. माझे जावई चहाचा पेला हातात घेऊन दारात आले आणि ढिगाभोवती एक फेरी मारून थांबले.

"मामा, सोळा म्हणजे सगळ्याच की हो! एक तरी ठेवायची होती त्यांनी, आठवण म्हणून."

जावयांचे आणि माझे पटत नाही, हे येथेच नमूद करतो. मी तंत्रनिकेतनातून वस्त्रतंत्राची पदविका घेतलेली आहे. छत्तीस वर्षे ह्या कारखान्यात कापडाची निवड मी करतो आणि पहिला काप माझ्या कात्रीने पडतो. जावई सहा वर्षांपूर्वी ह्या घरात आले. शिवणयंत्र ते उत्तम चालवतात. दुर्दैवाने त्यांचे तोंडही तितक्याच वेगाने चालते.

ह्या झुलींसाठी मार्चमध्ये दोन कापडे समोर होती. माझे कापड घट्ट विणीचे, पांढरे, वरून चंदेरी लेप दिलेले आणि आतून सुती अस्तराचे. जावयांचे कापड म्हणजे पांढऱ्या कृत्रिम धाग्याची जाळी, जिच्यातून समोरच्या माणसाची मिशी दिसेल. वाद नको म्हणून मी रीतसर चाचणी घेतली. कारखान्याच्या अंगणात मापे जुळवण्यासाठी एक लाकडी घोडा आहे. चाळीस घोड्यांची मापे घेऊन, त्यांची सरासरी काढून तो मी करवून घेतला. त्याच्या पाठीवर दोन्ही कापडे आळीपाळीने टाकून भर दुपारी तासभर ठेवली आणि खाली तापमापक सरकवला. माझ्या कापडाखाली छत्तीस अंश, जाळीखाली त्रेचाळीस. निर्णय झाला होता.

त्या वेळी माझी मुलगी काज करता करता एवढेच म्हणाली होती, "बाबा, लाकडाला घाम येतो का?" चाचणीच्या वहीत प्रत्येक हरकत नोंदवण्याची माझी पद्धत आहे. तिची हरकत मी नोंदवली आणि पुढे शेरा लिहिला: अप्रस्तुत.

ती वही आता जावयांच्या हातात होती.

"अप्रस्तुत," त्यांनी मोठ्याने वाचले. "अगं ऐकलंस का? तू अप्रस्तुत आहेस. सही, शिक्का, सगळं आहे."

"अहो, पुरे," मुलगी म्हणाली. "वही जागेवर ठेवा."

"ठेवतो ना. पण मामांनी आता कात्रीपण ठेवावी. छत्तीस वर्षं झाली. लाकडाच्या घोड्यावर राज्य केलंत, मामा, आता जिवंत जनावरांवर दया करा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरीही मी आवाज चढवला नाही. "जिवंत जनावरावर चाचणी घेऊ," मी म्हणालो. "घाम किती धरला, हे झुलीचे वजन सांगेल. माझे कापड हरले तर कात्री तुमची. जाळी हरली तर ह्या विषयावर तुम्ही जन्मभर तोंड उघडायचे नाही."

"मामांना शांतता हवीय," जावई मुलीला म्हणाले. "मिळायची नाही."

शुक्रवारी दुपारी दोन वाजता आम्ही तबेल्यात होतो. एका वयाचे, एका रंगाचे दोन घोडे मी निवडले. दोघांना वीस मिनिटे लांब दोरीला धरून गोल फिरवले, कोरड्या झुली तोलून त्यांच्या अंगावर बांधल्या आणि दोघांना एकाच मोकळ्या जागी तासभर उभे केले. मग झुली पुन्हा तोलल्या. माझ्या झुलीचे वजन तीनशे नव्वद ग्रॅमने वाढले होते, जाळीचे एकेचाळीसने.

"माझ्या झुलीखालचा घोडा मुळातच घामट असावा," मी म्हणालो.

मोतद्दार तंबाखू थुंकला. "आता घोड्याचं खानदान काढा."

"चाचणीचा नियम आहे. उद्या घोडे बदलायचे, झुली त्याच, धुऊन वाळवलेल्या."

"बदला," जावई म्हणाले. "परवा मला घोडा करा. पण एकदा काय ते संपवा."

शनिवारी घोडे बदलले. वेळ तीच, ऊन तेच. तराजू दाण्याच्या खोलीत होता आणि आकडा मीच वाचायचा, हा नियमही माझाच. जावई आणि मोतद्दार बाहेर घोडे धरून उभे होते. मुलगी झुली माझ्या हातात देऊन पाणी आणायला गेली. खोलीत माझ्याखेरीज कोणी नव्हते.

अस्तर पिळले असते तर पाणी गळाले असते. लेपाने ऊन अडवले होते, परंतु आतला घाम बाहेर जाण्याची वाटही त्यानेच बंद केली होती. लाकडाला ही वाट लागत नाही. चाळीस घोड्यांची मापे घेताना एकाही घोड्याच्या पाठीवरून मी तळहात फिरवला नव्हता.

तराजूचा काटा स्थिर झाला आणि मी कोरडे वजन वजा केले: माझ्या झुलीची वाढ चारशे बारा ग्रॅम. जाळीची अडतीस.

बाहेरून जावयांचा आवाज आला. "मामा, आकडा वाचताय की शिवताय?"

त्या क्षणी त्या माणसाचा मला जितका राग आला, तितका सहा वर्षांत आला नव्हता. एक अंक इकडचा तिकडे केला असता तर कोणाला कळले नसते. कात्री माझ्या खिशात होती. तिच्या मुठीवरचा माझ्या अंगठ्याचा खळगा हाताला लागत होता. परंतु खोटा आकडा वहीत उतरला की आधीची छत्तीस वर्षेही संशयित ठरतात. मी दारात आलो.

"लेपाचे कापड, चारशे बारा. जाळी, अडतीस."

कोणी टाळी वाजवली नाही. मोतद्दार घोडी पाहायला निघून गेला. मुलीने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी घेतला नाही. मार्चमधली नोंद काढून 'अप्रस्तुत' हा शब्द तिच्यासमोर खोडला आणि खाडाखोडीशेजारी सही केली.

"बाबा, राहू दे," ती म्हणाली.

"चुकीची नोंद राहू देत नाहीत."

सोमवारी सकाळी मी कात्री कापणीच्या टेबलावर ठेवली. जावयांनी ती उचलली, उघडली, मिटली आणि पात्यावरून बोट फिरवले.

"धार गेलीय हिची."

धार लावायचा दगड कोठे असतो, ते मी सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी बोलतो ते मुलीमार्फत, आणि तेही मापांपुरते. लाकडी घोडा जावयांनी अंगणातच ठेवला आहे. त्याच्या पाठीवर ते आपला घामेजलेला सदरा वाळत घालतात, मी खिडकीत असताना.

जाळीच्या सोळा झुली अठरा मे रोजी तबेल्यात पोहोचल्या. अठरा जूनपर्यंत परत आलेल्या झुली: शून्य.