राजकन्येच्या किल्ल्यात जन्मलेली कासिल्दा

किल्ल्याच्या उद्घाटनाला आईला नेऊ नये असं मला वाटत होतं. पण तिला घरात थांबवणं आमच्या वाल्देकोर्सा गावात कुणाच्या बापाला जमलं नसतं.

दारातच भलामोठा फलक होता. अरबांचा बुरूज, कास्तीयाच्या राजाने बांधलेला महाल, इथे जन्मलेली राजकन्या, फ्रेंचांनी जाळलेलं छप्पर. आणि मग एकदम, ‘दीर्घ विस्मृतीनंतर जीर्णोद्धार’.

“विस्मृती,” आई म्हणाली. “कुणाची?”

स्पेनचं यादवी युद्ध संपल्यावर याच किल्ल्यात बायकांचा तुरुंग होता. माझे आजोबा शेतमजुरांना वाचायला शिकवायचे. ते जिंकलेल्यांच्या हाती लागले नाहीत, म्हणून पोटुशी आजी आणि तिचा लहानगा फ्रोइलान यांना आत टाकलं. आई उत्तर बुरुजात जन्मली. फ्रोइलानमामा त्याच हिवाळ्यात भुकेने गेला. त्याला भिंतीमागे पुरलं. आता तिथे पाहुण्यांच्या गाड्या उभ्या होत्या.

नगराध्यक्ष लेआंद्रो माइकवर सांगत होता, “या किल्ल्यात जन्मलेलं एकमेव बाळ म्हणजे आपली राजकन्या.”

“आणि मी,” आई मोठ्याने म्हणाली.

“कासिल्दाबाई, आज राजकारण नको.”

“मग राजे इथे बसून काय मेंढ्या राखायचे का रे?”

लोक हसले. लेआंद्रोचे कान लाल झाले. “म्हातारीला घरी ने,” तो मला म्हणाला.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मांडवातली खुर्ची उचलून मी भिंतीमागे गाड्यांच्या वाटेत ठेवली. आई तिच्यावर बसली.

जेवणं उरकून पाहुणे निघाले, तर वाट बंद. हॉर्न वाजू लागले. पोलीस शिपाई आला.

“मावशी, उठा ना. मोठी माणसं खोळंबलीत.”

“खोळंबू देत. माझा भाऊ इथे कधीचा पडलाय, त्याला कुणी विचारलं?”

शिपाई बाजूला झाला. पाववाली निकासिया स्वतःची खुर्ची घेऊन आली. तिचीही आई तेव्हा तुरुंगात होती. मग आणखी दोघी आल्या. शेवटी लेआंद्रोला यावं लागलं. गाड्या इथून हलवतो, फलकही बदलतो, असं त्याने सगळ्यांदेखत कबूल केलं.

गाड्या हलल्या. चार दिवसांत फलकावर एक ओळ वाढली: ‘काही काळ येथे बंदिवान ठेवले होते.’

“ठेवले होते म्हणे,” आई म्हणाली. “बटाट्याची पोती होती का? कुणी ठेवले? आणि माझ्या भावाचं नाव कुठंय?”

सोमवारी नगराध्यक्षाची कचेरी उघडायच्या आधीच आम्ही दोघी दारात जाऊन उभ्या राहिलो.