केक झाला की गणित?

मी कोंबडी बोलतेय. घाबरू नका, प्लास्टिकची आहे. पोटात स्प्रिंग, अंगावर साठपर्यंतचे आकडे. माझी मान पिरगाळली की मी टिकटिक करत हळूहळू सरळ होते आणि वेळ संपली की ओरडते. एवढंच माझं शिक्षण.

वय विचाराल तर चाळिशी उलटून गेलीय. कारखान्यातून माझ्याबरोबर निघालेल्या बहिणींचं पुढं काय झालं, देव जाणे. मला एका बाईंनी अंडी उकडायला विकत घेतलं. अंड्यांवर पहारा द्यायला कोंबडीच बसवली, या विनोदावर त्या वर्षानुवर्षं हसायच्या. मला तो अजून कळलेला नाही. पुढं त्यांच्या लेकीनं घरच्या घरी केक करून विकायला सुरुवात केली, तेव्हा मी तिच्याकडे आले. आता चोचीचं टोक उडालंय, लाल तुरा गुलाबी झालाय, कंबर तर कधी नव्हतीच. आवाज मात्र शाबूत आहे. अशा बायका तुमच्याही माहितीत असतील.

केकचं काम मला आवडतं. मी ओरडले की ती ओव्हन उघडते आणि केकच्या पोटात सुरी खुपसते. सुरी कोरडी निघाली, तर झाला. चिकट निघाली, तर पुन्हा माझी मान, पाच मिनिटांसाठी. त्यात काही गोंधळ नाही.

गोंधळ आणला गणितानं.

या घरात पंधरा वर्षांची एक मुलगी आहे. विचार करताना गुणगुणते, म्हणून तिला सगळे भुंगा म्हणतात. शाळेत असताना ती पुढच्या इयत्तांची गणितं बाकाखाली लपवून सोडवायची आणि बाकीच्या तासांना खिडकीबाहेर बघत बसायची. रोजची बोलणी, रोजची रडारड. शेवटी आईनं तिला घरीच शिकवायचं ठरवलं. गणितात आईचा वाटा म्हणजे पुस्तकं आणून द्यायची आणि वहीत डोकावून "छान" म्हणायचं.

बाबाला हे काही पटलं नव्हतं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्यानं एका वर्षाची मुदत दिली आणि अट घातली. हे जे काय वरच्या पातळीचं गणित आहे, ते रोज दोन तास झालं पाहिजे, आणि झालेलं दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर पुढच्या वर्षी मुकाट्यानं शाळा. भुंगा लगेच कबूल झाली. शाळेत परत जायचं नाही म्हटल्यावर तिनं काहीही कबूल केलं असतं.

आता दिसलं पाहिजे म्हणजे बघणार कोण? घरात वेळ मोजणारी मी एकटी रिकामी. त्यात मला साठ मिनिटांपलीकडे मोजता येत नाही, म्हणजे गणितासाठी दोनदा मान, शिवाय केकसाठी वेगळी. मी ओरडले की मायलेकी दोघी दचकायच्या. एक ओव्हनकडे धावायची, दुसरी वही मिटायची, आणि पुष्कळदा दोघींचंही चुकायचं. एकदा तर अर्धं गणित आणि कच्चा केक एकदमच बाहेर आले.

मला त्रास होता तो वेगळाच. नियम असा होता, की भुंगा खुर्चीतून उठली की मला थांबवायचं. मग ती खुर्चीत बसून वहीच्या कोपऱ्यात मांजरं काढायची आणि मी इमानदारीत टिकटिक करायचे. हे गणित. उठून भांडी घासायला लागली की तिचं गुणगुणणं सुरू व्हायचं. हे गणित नाही. मग मी मोजत होते ते काय? केकमध्ये सुरी तरी खुपसता येते.

बाबा संध्याकाळी हात धुता धुता विचारायचा, "आज किती?" ती कधी दोन म्हणायची, कधी दीड, कधी एक. खोटं बोलता येत नाही हीच तिची पंचाईत. वर्ष सरत आलं आणि बाबा शाळेत चौकशी करून आला.

नेमका तेव्हाच तिच्या मागे तो गोल लागला. गोलाच्या काठावर कमीजास्त अंतरावर ठिपके द्यायचे, प्रत्येक ठिपका दुसऱ्या प्रत्येकाला सरळ रेघेनं जोडायचा आणि गोलाचे तुकडे किती होतात ते मोजायचं. दोन ठिपक्यांना दोन तुकडे. तिनाला चार, चाराला आठ, पाचाला सोळा. म्हणजे सहाला बत्तीस, हे मीसुद्धा सांगितलं असतं. पण येत होते एकतीस. तिनं गोल मोठा काढला, तुकडे रंगवले, पुन्हा मोजले. एकतीसच. आई म्हणाली, "एक मी खाल्ला असेल."

मग तो दिवस आला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यासाठी केक सांगितला होता. त्यांना पेशंट हवेतच की. आईनं केक ओव्हनमध्ये ठेवला, माझी मान पिरगाळली, "ही ओरडली की बंद कर" असं भुंग्याला बजावलं आणि खोकी आणायला खाली गेली.

मी ओरडले. जीव तोडून ओरडले. माझ्यापासून हातभर अंतरावर भुंगा ओव्हनच्या काचेतून केककडे बघत उभी होती आणि गुणगुणत होती. मला एकदाच ओरडता येतं, मग मी गप्प. केक तपकिरी झाला, मग काळा. गुणगुणणं चालूच.

आई आणि बाबा जिन्यातच भेटले आणि वासामागोमाग आत आले. आईनं धावत जाऊन ओव्हन बंद केला.

"काय करत होतीस?" बाबानं विचारलं.

"गणित."

"वही कुठाय?"

"नव्हती."

त्यानं मला उचललं. "आणि ही?"

"ती केकसाठी लावली होती," आई म्हणाली.

"म्हणजे आज गणित शून्य. केकही शून्य." तो चिडला नव्हता, दमला होता. "उद्या शाळेत नाव घालून येतो."

भुंग्याचे डोळे भरून आले. आई काळ्या केककडे बघत अगदी हळू म्हणाली, "परवा लिफ्टखालच्या खड्ड्यात तासभर नुसता उभा होतास म्हणालास. कशालाही हात न लावता. तो तास कामात धरला की नाही?"

"अगं, मी विचार करत होतो."

"बरं," आई म्हणाली आणि मैद्याचा डबा शोधायला लागली.

बाबा मला हातात घेऊन तसाच उभा. माझी मान त्यानं थोडी फिरवली, परत सरळ केली. "सुरू कधी केलंस?"

"माहीत नाही. मंगळवारी दात घासताना असेल. किंवा त्याच्याही आधी."

"आणि संपलं कधी?"

"आत्ता. तुकडा हरवलाच नव्हता, बाबा. दुप्पट होणार असं मीच धरून बसले होते."

बाबानं मला खाली ठेवलं आणि सुरी उचलली. "दाखव."

केक विकायच्या लायकीचा नव्हताच. तिनं काठावर सहा खुणा केल्या. प्रत्येक रेघेमागे एक तुकडा वाढतो, म्हणाली, आणि दोन रेघा एकमेकींना छेदल्या की आणखी एक. पंधरा रेघा, पंधरा छेद आणि मुळातला अख्खा केक एक. बाबाचा विश्वास बसेना. त्यानं सगळं कापलं, सगळं मोजलं. हा तुकडा की चुरा, यावरून दोघांचं वाजलं, तेव्हा आईला पंच व्हावं लागलं. एकतीस.

"सात ठिपके केले तर?" बाबा स्वतःशीच म्हणाला आणि खुणा करायला दुसरा काळा तुकडा शोधू लागला.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा कुठे सगळे भानावर आले. बाहेर अंधार पडलेला. "किती वेळ झाला?" बाबानं विचारलं, आणि तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

मला कुणी लावलंच नव्हतं. माझी मान सरळ.

बाबा नाव घालायला गेला नाही. शाळेचं पुन्हा काढायचं नाही, म्हणाला. आता हात धुताना तो "किती" विचारत नाही, "कुठं अडलंय?" विचारतो. गणितासाठी माझी मान कुणी पिरगाळत नाही. मी खूश व्हायला हवं.

पण आत्ता बघा. भुंगा कपडे वाळत घालतेय. मघापासून हातात एकच मोजा, आणि गुणगुणतेय. हे गणितात धरायचं की कपड्यांत? मला विचारू नका. ओव्हनमध्ये काही असेल तर खुशाल मान पिरगाळा, ओरडेन. एरवी मला भिंतीकडे तोंड करून ठेवा. ती मोजा हातात धरून उभी राहिली, की माझ्या पोटातली स्प्रिंग उगीचच टिक करते.