हलकी केलेली गाडी

डेंटरचं आणि त्याच्या मेव्हण्याचं गाड्यांवरून वाजलं नाही असा एक रविवार दाखवा! ताटं वाढलेली असायची आणि हे दोघे इंजिनावरून एकमेकांच्या अंगावर धावून जायचे. मेव्हणा जुन्या गाड्यांचा दलाल. त्याने कुठून तरी एक काळी, रुंद, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी गाडी पैदा केली होती. ती सुरू केली की शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथरायच्या. डेंटरचं काम चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायचं, आणि त्याची गाडी पांढरी, छोटी. पेट्रोल कमी पिते, कुठेही उभी राहते, पार्ट कोणत्याही दुकानात मिळतो.

"भावोजी, ही गाडी नाही, चाकं लावलेला डबा आहे."

"माझा डबा रोज कामाला जातो. तुझी महाराणी महिन्यातले तीन आठवडे गॅरेजात लोळते!"

एकदा पाण्याचा जग भिंतीवर फुटला, एकदा मेव्हण्याच्या शर्टाची कॉलर हातात आली. डेंटरची बायको शाळेत खेळाची शिक्षिका होती, मुलांना पळायला शिकवायची. ती म्हणायची, "दोघंही मैदानाला दहा फेऱ्या मारा, मग बोला." तिचं कोण ऐकतंय!

शेवटी पैज लागली. जो हरेल त्याने वर्षभर दुसऱ्याची गाडी धुवायची. रस्ता डेंटरने निवडला: गोदामांच्या मागचा, खड्ड्यांचा, सात स्पीडब्रेकरचा. काळ्या गाडीला प्रत्येक स्पीडब्रेकरवर मुंगीच्या पावलाने चढावं लागणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी याचं समाधान होईना. शनिवारी त्याने मागची सीट काढली, स्टेपनी काढली, जॅक काढला. मग दारांची आतली पॅनेलं उघडून, दाराच्या पोटात आडवा बसवलेला लोखंडी दांडा ग्राइंडरने कापला. चारही दारांचा. बाजूने धडक बसली तर माणूस वाचावा म्हणून तो दांडा असतो, आणि हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? आयुष्य गेलं त्याचं चेपलेली दारं काढण्यात. पण डोक्यात एकच भूत होतं, वजन.

रविवारी सकाळी तो जिंकला. चांगला चार गाड्यांच्या अंतराने जिंकला. मेव्हण्याच्या गाडीचं पोट पाचव्या स्पीडब्रेकरवर खरडलं आणि तिथेच त्याचं तोंड काळंठिक्कर पडलं. बघायला आलेल्या मेकॅनिक लोकांनी शिट्ट्या मारल्या. डेंटर घरी आला, सीट बसवली, स्टेपनी ठेवली, पॅनेलं लावली. दांडे वेल्डिंग करून बसवायचे राहिले. उद्या बघू म्हणाला आणि जिंकल्याच्या गुंगीत दुपारी आडवा झाला. बाहेरून बघणाऱ्याला काही कळणं शक्य नव्हतं.

संध्याकाळी बायको गाडी घेऊन मैदानावर निघाली. चौकात वळायला ती थांबली होती. बाजूच्या गल्लीतून मेव्हणा येत होता, दिवसभर धुमसलेला. त्याला पांढरी गाडी दिसली. काचेवर ऊन चमकत होतं, आतलं माणूस दिसेना. तो धरून चालला की भावोजीच. दार जरा चेपू, म्हणू, डेंटर आहात ना, काढा आता. असली अक्कल! त्याने काळी गाडी हळूच पुढे घेतली आणि दाराला टेकवून धक्का दिला. दार पुठ्ठ्यासारखं आत गेलं. आतून किंकाळी आली ती त्याच्या बहिणीची होती.

डेंटर हॉस्पिटलात पोचला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "कंबरेचं हाड तीन ठिकाणी मोडलंय. चालतील त्या, पण पळणं विसरा."

मेव्हणा बाहेर पार्किंगमध्ये उभा होता. डेंटर थेट त्याच्यावर चालून गेला. पहिला ठोसा नाकावर बसला, हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. मेव्हणा खाली बसला तसा त्याने केस धरून त्याचं डोकं गाडीच्या बॉनेटवर आपटलं. एकदा, दोनदा. रक्त पार्किंगच्या पांढऱ्या रेघांवर सांडलं. वॉचमन धावत आला. डेंटरने कोपराने त्यालाही लोटलं. मेव्हण्याने हात वर केला नाही. मार खाता खाता एकच बडबडत होता.

"मी हळू दिला होता हो... भावोजी, आईशप्पथ हळू... दार असं कसं गेलं?"

"गप्प बस!" डेंटर ओरडला आणि बरगडीत लाथ घातली.

"माणूस चालतो तेवढा वेग होता. दाराला नुसता पोचा यायला हवा होता..."

"गप्प बस म्हणतोय ना!"

आता तो बायकोसाठी मारत नव्हता. ते तोंड बंद व्हावं म्हणून मारत होता, आणि हे कळलं तसा त्याचा पाय हवेतच थांबला. तो मेव्हण्याशेजारी जमिनीवर बसला.

"दांडे मी कापले होते," तो म्हणाला. "पैजेसाठी. चारही दारांचे."

मेव्हण्याने सुजलेल्या डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं. गाड्यांमधला माणूस, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. बराच वेळ तो तोंडातलं रक्त थुंकत राहिला.

"ताईला सांगू नका," तो शेवटी म्हणाला. "माझ्यावर राग धरू दे तिला. मी लांब राहतो. तुमच्याबरोबर तिला राहायचंय."

डेंटरला आयुष्यात कुणी इतकं मारलं नव्हतं.

नर्सने आत बोलावलं. बायको शुद्धीवर आली होती, चेहरा पांढराफटक. नवऱ्याच्या शर्टावरचं रक्त बघून ती म्हणाली, "त्याला मारलंस? बरं केलंस. पोलिसात दे. सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं, मी सोडणार नाही त्याला."

गप्प राहिला असता तर जन्मभर कुणाला कळलं नसतं. मेव्हणा तुरुंगात गेला असता आणि तोंड उघडलं नसतं त्याने. डेंटर पलंगाशी वाकला आणि त्याने सगळं सांगितलं: पैज, ग्राइंडर, उद्यावर ढकललेलं वेल्डिंग.

तिने मध्ये एकच विचारलं, "मी निघाले तेव्हा तू जागा होतास?"

"होतो."

सलाईन नसलेला हात तिने उचलला आणि त्याच्या कानाखाली मारली. हातात जोर नव्हता. मग परत मारली, आणि परत, दात आवळून, हलताना कंबरेतून कळ येऊन कण्हत. डेंटरने गाल हलवला नाही. तिला पोचावं म्हणून तो आणखी खाली वाकला.

नर्सने धावत येऊन तिचं मनगट धरलं.

"सिस्टर," तो म्हणाला, "मारू द्या तिला."