पुसलेली ऑर्डर

ताईच्या दुकानात ऑर्डर आधी पुसायची आणि मग करायची, असा रिवाज होता.

स्वयंपाकघरात, बन भरायच्या ओट्यावर कॉम्प्युटरचा एक पडदा टांगलेला होता. काउंटरवर ऑर्डर घेतली की ती पडद्यावर उमटायची आणि तिच्या डोक्यावर घड्याळ पळायला लागायचं. आधी हिरवं, मग पिवळं, मग लाल. बर्गर बांधून पुढे सरकवला की बटण दाबायचं, ऑर्डर पुसली जायची, घड्याळ थांबायचं. हे झालं कंपनीचं म्हणणं. ताईचं म्हणणं असं, की बर्गर झाला की नाही हे घड्याळाला काय कळतंय? वाचायचं, डोक्यात ठेवायचं, बटण दाबून मोकळं व्हायचं आणि मग हात चालवायचे. त्यामुळे सगळ्या शाखांत ताईची शाखा सदा हिरवीगार. बाहेरच्या पाटीवर आपल्या नंबरापुढे 'तयार' बघून गिऱ्हाईक काउंटरशी ताटकळायचं, कुरकुरायचं, पण त्याची कुरकुर कुठल्या आकड्यात येत नव्हती.

ताई तिथली मॅनेजर. तिच्याहून वयाने मोठे असलेले ग्रिलवालेसुद्धा तिला ताईच म्हणायचे, आणि ओट्यावर उभी असलेली तिची सख्खी बहीण सगळ्यांची धाकटी झाली होती. आई गेल्यावर ताईनेच तिला वाढवलं होतं. वेण्या घातल्या, शाळेत सोडलं, आजारपणं काढली आणि शेवटी आपल्याच हाताखाली नोकरीला लावलं. ताईचा शब्द धाकटीने आजवर खाली पडू दिला नव्हता. तशी वेळही आली नव्हती म्हणा.

त्या दिवशी दुपारी मोठे साहेब आले होते. आसपासच्या सगळ्या शाखांवर देखरेखीला एक बाई नेमायची होती, आणि ती ताई की दुसरी कोणी हे साहेब त्या दुपारी ठरवणार होते. ताईने त्यांना अगदी खिडकीजवळचं टेबल दिलं. तिथून रस्ता छान दिसायचा आणि काउंटरकडे पाठ व्हायची. साहेब कॉफी पीत हातातल्या टॅबवर शाखेचे आकडे बघत होते. आकडे हिरवे होते.

आत मात्र रणधुमाळी चालली होती. तळणीचा बझर कोकलत होता, ग्रिलवरून पॅटी सपासप उलटत होत्या, आणि काउंटरवरचा पोरगेला माणूस, ज्याला सगळे चष्मा म्हणायचे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून सारखा डोकं आत घालत होता. "दोन साधे, एक चीजवाला झाला का? माणसं मला खायला उठलीत."

"होतोय, होतोय," धाकटी म्हणाली. तिच्या डोक्यात त्या घडीला पाच ऑर्डरी होत्या. कोणाला कांदा नको, कोणाला तिखट जास्त, कोणाला काकडी वगळून. ओठ हलवत ती सगळं पुटपुटत होती आणि शेजारी ताई स्वतः बटण दाबत होती. आज ताईचं बोट जरा जास्तच चपळ झालं होतं. ऑर्डर उमटायची आणि धाकटीने ती धड वाचण्याआधीच नाहीशी व्हायची.

सॉसची बाटली संपली म्हणून धाकटीने फळीकडे हात नेला. फळीवर दोन तऱ्हांच्या बाटल्या असत. दोन्हींत पांढराच सॉस, दिसायला सारखा, चवीलाही जवळपास सारखा. पांढऱ्या झाकणाची बाटली अंड्याची, हिरव्या झाकणाची बिनअंड्याची. हिरव्या झाकणाची बाटली सकाळी तिनेच खोक्यातून काढून तिथे ठेवली होती. तोंडावरचा चंदेरी कागद जसाच्या तसा होता.

तिचा हात हवेतच थांबला. बिनअंड्याची एक ऑर्डर आली होती. नक्की आली होती. चष्म्याने खिडकीतून वेगळं ओरडूनही सांगितलं होतं, 'पोराला अंड्याची ऍलर्जी आहे, सांभाळून.' तिने मान हलवली होती, मग तळणीचा बझर वाजला, मग ताईने पुढच्या दोन ऑर्डरी पुसल्या. ती ऑर्डर तर केव्हाच पुढे गेली. आणि बाटली उघडलेलीच नाही.

"ताई," ती हळूच म्हणाली, "बिनअंड्याचा बर्गर चुकीचा गेला. अंड्याचा सॉस घालून गेला."

ताईचे डोळे पडद्यावरच होते. "कशावरून?"

"बाटलीचं तोंड बंद आहे बघ. तू ऑर्डर मागे आण, नंबर कळू दे, पुकारून सांगू."

पुसलेलं परत आणायचं एक लाल बटण पडद्याखाली होतं. ते दाबलं की नुकत्याच पुसलेल्या सगळ्या ऑर्डरी त्यांच्या खऱ्या वेळेसकट पडद्यावर उभ्या राहायच्या, आणि तेच चित्र साहेबांच्या टॅबवर. ताईने बटणावर तळहात ठेवला. मारल्यासारखा नाही, नुसता झाकल्यासारखा.

"आत्ता नको," ती म्हणाली. "साहेब कॉफी संपवतायत. निघतीलच."

"मूल आहे ते, ताई."

"मला कळत नाही का? पण सॉस एवढासा तर लावलेला असतो. सगळ्यांनाच काही होत नाही."

धाकटी ताईकडे बघतच राहिली. ताप चढला की रात्र रात्र उशाशी बसणारी ही बाई, तिच्या तोंडात हे वाक्य आलं तरी कुठून? पण वाद घालायला वेळ नव्हता. तिने खिडकीतून चष्म्याला गाठलं. "बिनअंड्यावाली बाई कुठे आहे?"

"ती? पिशवी घेऊन गेली ना. बस गाठायची म्हणत होती. का गं?"

धाकटीने हातमोजे ओढून काढले. ती पुढच्या दाराकडे वळली तशी ताईने तिचं मनगट धरलं.

"मागच्या दाराने जा," ताई म्हणाली.

आणि ती मागच्या दाराने गेली. सवयच तशी. कचऱ्याच्या पिंपांना वळसा, मग इमारतीला वळसा, मग गाड्यांच्या रांगेतून वाट. पुढच्या दाराने निघाली असती तर समोरच थांबा होता. पळता पळता ती ताईला नाही, स्वतःलाच शिव्या घालत होती. ऐकलंस कशाला, ऐकलंस कशाला.

बस थांब्यावर उभी होती. शेवटचा माणूस चढत होता. धाकटी टोपी, ऍप्रन घातलेलीच आत घुसली. ड्रायव्हरने "अहो, तिकीट" म्हटलं ते तिच्या कानावरून गेलं. तिसऱ्या बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर चारेक वर्षांचा मुलगा. त्याने कागद सोलून बर्गर दोन्ही हातांत धरला होता आणि तो तोंडात मावेल कसा, याचा अंदाज घेत जबडा वासला होता.

धाकटीने फटका मारून बर्गर उडवला.

मुलाने भोकाड पसरलं. आई ताडकन उठली. "वेड लागलंय का तुम्हाला?"

"त्यात अंडं आहे," धाकटी धापा टाकत म्हणाली. "खाल्लं का त्याने? एक घास तरी?"

बाईच्या चेहऱ्यावरचा राग पार पुसला गेला. तिने मुलाचं तोंड उघडून आत बोट फिरवलं. मग ओढणीने त्याचं एकेक बोट पुसायला लागली, पुन्हा पुन्हा, कातडी लाल होईस्तोवर.

"नाही खाल्लं," ती शेवटी म्हणाली. "मागच्या खेपेला नुसत्या केकच्या तुकड्याने याचा श्वास कोंडला होता. मी तुमच्या माणसाला दोनदा सांगितलं हो."

"त्याने आम्हाला सांगितलं होतं."

"मग?"

धाकटीने टोपी काढून हातात घेतली.

"मी एरवी सगळं उघडून बघते," बाई म्हणाली. "आज नाही बघितलं. वाटलं, इतकं बजावून सांगितलंय, आणि पाटीवर लगेच तयार म्हणून आलं. म्हटलं, किती तत्पर माणसं आहेत."

"दुसरा करून आणते."

"नको. तुमच्याकडचं काही नको आता."

मुलगा पायाशी पडलेल्या बर्गरकडे हात करून रडत होता. त्याला भूक लागली होती. धाकटीने बर्गर उचलला, सांडलेला सॉस ऍप्रनने टिपला आणि खाली उतरली. बस निघून गेली तरी ते रडणं तिच्या कानातून जाईना.

ती परतली तेव्हा ताई तिच्या जागेवर उभी राहून बन भरत होती. चेहरा पांढराफटक.

"खाल्लं त्याने?" ताईने विचारलं.

"नाही."

ताईने डोळे मिटले. मग एक मोठा श्वास सोडला आणि धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसाच.

"मिटलं मग. साहेबांना काही कळलं नाही. तुला मळमळलं असं सांगितलंय मी सगळ्यांना. हात धू, लाग कामाला."

पडद्यावर नवी ऑर्डर उमटली. ताईचं बोट आपसूक पुढे गेलं आणि ऑर्डर नाहीशी झाली. ताईलाही ते कळलं नसावं.

"काय होतं त्यात?" धाकटीने विचारलं.

"कशात?"

"आत्ता पुसलीस त्यात. काय नको होतं त्या माणसाला?"

ताईने पडद्याकडे बघितलं. पडदा कोरा होता. तळणीचा बझर वाजत राहिला आणि ग्रिलवाला मान वळवून बघायला लागला.

धाकटीने तिच्या हाताखालून हात घातला आणि लाल बटण दाबलं.

पडदा भरून आला. एकामागून एक, वरपासून खालपर्यंत, सगळ्या लाल. खिडकीजवळ साहेबांनी कप खाली ठेवला, टॅब डोळ्यांजवळ नेला आणि खुर्ची मागे सारून उठले.

"अगं, काय केलंस हे," ताई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक धाकटीने कधी ऐकला नव्हता. धाकटीला रडू फुटत होतं, ताईच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं. पण तिने स्वच्छ हात धुतले, नवे मोजे चढवले आणि पडद्यावरची पहिली ऑर्डर मोठ्याने वाचली.

"एक साधा बर्गर. कांदा नको."

मग तिने बन उचलला.