सासूचा ताप

मला ताप आला, तेव्हाच घरात खरा चमत्कार घडला होता. जावईबापूंनी स्वतःच्या हाताने चूल पेटवली. जन्मभर जाळी टाकून मासे धरणाऱ्या या माणसाला, मासा खाण्याआधी साफ करावा लागतो हे तेव्हा कुठे कळलं. लेक बाजारात मासळी विकायला, मी पांघरुणात, आणि हा डोळ्यांत धूर घेऊन भांड्यांशी झटतोय. अंग ठणकत होतं, पण जिवाला इतकं सुख कित्येक वर्षांत लाभलं नव्हतं.

त्याला ते झेपेना. दुपारी तो एका पाहुण्याला घेऊन आला. हा पाहुणा पूर्वी सुतारकाम करायचा, हल्ली गावोगाव फिरून लोकांना बरं करतो. सोबत भुकेलेले मित्र. पाहुण्याने माझा हात धरला आणि ताप पळाला. खोटं कशाला बोलू, माणूस गुणी. पण मी उठून बसते न बसते तोच जावई म्हणाला, “आई, बरं वाटतंय ना आता? मग वाढताय ना?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजारातून उठलेल्या माणसाला लोक चार दिवस पडू देतात. मला उभं केलं ते थेट चुलीपुढे. मासे मी तळले, भांडी मीच घासली. संध्याकाळी बातमी फुटली आणि गावभरचे रोगी दारात जमले. लंगडे धावत घरी गेले, पण धावण्याआधी प्रत्येकाला पाणी हवं होतं. मित्रांपैकी एकजण कौतुकाने म्हणाला, बाईंची श्रद्धा बघा, उठल्या उठल्या सेवेला लागल्या. श्रद्धा कसली डोंबलाची.

पहाटे पाणी भरायला निघाले, तर पाहुणा चपला हातात घेऊन दबक्या पावलांनी बाहेर पडत होता. मला बघून ओशाळला.

“जरा एकटं बसावंसं वाटतंय,” म्हणाला. “कुणाला सांगू नका.”

नाही सांगितलं. बिचारा माझ्याइतकाच दमला होता.

उजाडल्यावर सगळ्यांनी घर डोक्यावर घेतलं. शेवटी कुणीतरी म्हणालं, प्रार्थनेला गेले असतील, थोर माणसांना एकांत लागतोच. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी अशी न सांगता गेले असते, तर सासू पळाली म्हणून गावभर बोंब झाली असती.

मी घागर खाली ठेवली, अंथरूण घातलं आणि आडवी झाले. जावयाने घाबरून माझ्या कपाळाला हात लावला.

“आई, परत ताप आला?”

“नाही. ताप नसताना झोपायचंय मला.”

हे दुखणं भलतंच वाढलंय, असं वाटून तो तसाच अनवाणी पाहुण्याला शोधायला पळत सुटला.